श्रीलंका: आधी अध्यक्ष, मग संसद. दुसरी निवडणूक पहिलीच्याच खिशात असते का?

मुळामुठाकाठी

आपल्याकडे विधानसभेच्या प्रचाराचा गदारोळ टिपेला पोचला होता, त्याच आठवड्यात श्रीलंकेने संसदेची निवडणूक उरकून टाकली. त्यांचं मतदान १४ नोव्हेंबर २०२४ ला, आपलं २० ला. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर, प्लॉट विकणे आहेच्या शेजारी होती. निकाल मात्र तिथे सोडून देण्यासारखा नाही.

आधी आकडे. २१ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान झालं. अनुरा कुमारा दिसानायके यांना ५६ लाख ३५ हजार मतं, ४२.३१ टक्के. सजित प्रेमदासांना ४३ लाख ६३ हजार, ३२.७६ टक्के. खुर्चीवर असलेले रनिल विक्रमसिंघे १७.२७ टक्क्यांवर तिसरे. आणि ज्या घराण्यातल्या गोताबायांनी २०१९ ला ५२ टक्के घेतले होते, त्यातले नमल राजपक्षे अडीच टक्क्यांवर!

२३ सप्टेंबरला दिसानायकेंनी शपथ घेतली, २४ ला संसद बरखास्त केली. जुन्या संसदेत त्यांच्या आघाडीचे, म्हणजे नॅशनल पीपल्स पॉवरचे (एनपीपी), उणेपुरे तीन खासदार. त्यामुळे निवडणूक होईपर्यंत अख्खं मंत्रिमंडळ तीन माणसांचं: स्वतः अध्यक्ष, पंतप्रधान हरिणी अमरसूर्या आणि विजिता हेरत. सात आठवड्यांनी त्याच आघाडीचे २२५ पैकी १५९ खासदार. दोन तृतीयांशाच्याही वर.

आता माझा मुद्दा. एनपीपीची मतं ५६ लाखांवरून ६८ लाख ६३ हजारांवर गेली, म्हणजे सव्वाबारा लाख वाढली. प्रेमदासांच्या पक्षाची ४३ लाख ६३ हजारांवरून १९ लाख ६९ हजारांवर आली, म्हणजे जवळपास चोवीस लाख गळाली. मतदान ७९.४६ टक्क्यांवरून ६८.९३ वर उतरलं. वाढलेल्यापेक्षा गळालेली मतं दुप्पट आहेत. सगळे काही दिसानायकेंकडे गेले नाहीत, बरेचसे घरीच बसले. सामना झालाय, आता बक्षीस समारंभाला कोण जातंय, असा प्रकार.

मला वाटतं हे लंकेच्या रचनेतच आहे. अध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा, त्याच्या हाती सरकार द्यायचं, आणि संसदेची निवडणूक कधी लावायची हेही बऱ्याच अंशी त्याच्यावरच सोडायचं. मग कुठला शहाणा अध्यक्ष विजयाचा गुलाल वाळायच्या आत ती लावणार नाही? आपल्याकडे थेट सरपंच आल्यावर सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्य दुसऱ्याचे अशी गावोगाव जी कोंडी झाली, ती एकाच दिवशी दोन्ही मतदान होत असल्यामुळे. सदस्यांची निवडणूक दोन महिने उशिरा ठेवली असती तर किती गावांत विरोधी पॅनेल उभं तरी राहिलं असतं?

चर्चा व्हावी. लंकेत राहिलेले, जाऊन आलेले कुणी असतील तर जरूर लिहा.

आळशी_बोका

आपल्या इथे कोण कुठल्या गटात आहे हे कळायला तक्ता लागतो, आणि तुम्ही लंकेचा धागा काढताय. दंडवत घ्या. वाचतोय.

पणजीकार

चांगला धागा. पहिल्या निवडणुकीची एक गंमत राहिली, ती सांगतो.

तिथे अध्यक्षाला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. मतदाराला एक, दोन, तीन असा पसंतीक्रम देता येतो. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना हे नवीन नाही. फरक मोजण्यात आहे. आपल्याकडे तळाचा उमेदवार एकेक करून बाद होतो. तिथे पहिले दोन सोडून बाकी सगळे एकदम बाद, आणि त्यांच्या मतपत्रिकांवर पुढची पसंती या दोघांपैकी कुणाला आहे एवढंच बघतात. १९८२ पासून झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकांत दुसरी फेरी मोजायची वेळ कधी आलीच नव्हती. २०२४ ला पहिल्यांदा आली. (आपल्याकडे राष्ट्रपतिपदासाठी ती १९६९ ला व्ही. व्ही. गिरींच्या वेळी आली होती, आणि तेवढीच.)

रिंगणात ३८ जण होते. बाद झालेल्या ३६ जणांची मतं ३३ लाखांच्या वर. त्यातून दोघांना मिळून मिळाली फक्त पावणेतीन लाख: दिसानायकेंना १ लाख ५ हजार, प्रेमदासांना १ लाख ६८ हजार. बाकीच्यांनी एक फुली मारली आणि घरी गेले, किंवा दुसरी पसंती या दोघांना दिलीच नाही. शेवटी ५५.८९ टक्के हा जो आकडा जाहीर झाला, तो या दोघांच्याच बेरजेवरचा. एकूण वैध मतांवर काढलात तर विजेता ४३ टक्क्यांच्या आसपासच थांबतो.

म्हणजे निम्म्याहून जास्त मतदारांनी ज्यांना निवडलं नव्हतं, त्यांच्या आघाडीला दोन महिन्यांत ६१.५६ टक्के. तुमचा मुद्दा याने पक्का होतो की पातळ, ते तुम्हीच ठरवा.

वाळवंटातला_उंट

मी आखातात आहे. आमच्या गोदामात चार-पाच लंकन मंडळी आहेत, सिंहलीही आणि तमिळही. त्यांच्या देशात परदेशातून मत देता येत नाही, घरी जाऊनच द्यावं लागतं. सप्टेंबरात त्यातला एक स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून मत द्यायला गेला आणि तीन दिवसांत परत आला. रजा बिनपगारी. त्यामुळे 'क्रमानेच निकाल ठरला' हे मला फार पुस्तकी वाटतं.

२०२२ आठवा. एप्रिलमध्ये देशाने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा. पेट्रोलला रांग, गॅसला रांग, दुधाची पावडर मिळेना, तेरा-तेरा तास वीज नाही. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घुसले, पोहण्याच्या तलावात उतरले, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितले. गोताबाया आधी मालदीव, मग सिंगापूर, आणि राजीनामा ईमेलने. एवढं सगळं करून लोकांना काय मिळालं? २० जुलैला त्याच संसदेने रनिलना अध्यक्ष केलं, १३४ मतांनी. राजपक्षेंच्याच खासदारांच्या जिवावर. स्वतः रनिल २०२० ला निवडून आले नव्हते, पक्षाला मिळालेल्या राष्ट्रीय यादीतल्या एकुलत्या एका जागेवरून संसदेत आलेले.

त्या दिवशी दिसानायकेही उभे होते. मतं किती? तीन!

म्हणजे लोकांचा राग अध्यक्षाइतकाच त्या २२५ जणांवर होता. 'दोनशे पंचवीस नकोत' हे तेव्हा रस्त्यावर ओरडून सांगत होते. सप्टेंबरात अध्यक्ष बदलला, नोव्हेंबरात २२५ बदलले. अर्धं काम राहिलं होतं ते पुरं केलं. महिंदा, चमल, बासिल, गोताबाया, चौघाही भावांपैकी एकही जण संसदेला उभा राहिला नाही. नमल आले ते राष्ट्रीय यादीतून.

बाय द वे, रनिल अपक्ष लढले तेव्हा त्यांची निशाणी गॅस सिलिंडर होती. रांगा मी संपवल्या, हे सांगायला. आमचा एक जण म्हणाला, सिलिंडर बघितला की रांगच आठवते.

मास्तर_निवृत्त

धागाकर्त्यांनी 'रचनेतच आहे' म्हटलंय, तर ती रचना कुणी आणि का केली हेही यायला हवं.

१९७७ साली जे. आर. जयवर्धने यांच्या युनायटेड नॅशनल पार्टीने १६८ पैकी १४० जागा जिंकल्या. मतं जेमतेम ५१ टक्के. आपल्यासारखीच मतदारसंघवार पद्धत होती तेव्हा. या बहुमतावर जयवर्धनेंनी १९७८ ची राज्यघटना आणली: सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला प्रमाणशीर प्रतिनिधित्व. त्यातली चलाखी बघा. प्रमाणशीर पद्धतीत कुणालाही सहजासहजी दोन तृतीयांश मिळत नाहीत, म्हणजे पुढच्या कुणाला घटना बदलता येणार नाही. स्वतः मोठ्या बहुमतावर उभं राहायचं आणि मग शिडी वर ओढून घ्यायची.

तेवढ्यावरही थांबले नाहीत. १९८२ ला अध्यक्षपद जिंकलं आणि लगेच डिसेंबरात सार्वमत घेऊन जुन्याच संसदेची मुदत सहा वर्षं वाढवून घेतली. संसदेची निवडणूकच नको! १९७७ नंतर संसदेची निवडणूक झाली ती थेट १९८९ ला. त्या काळात उत्तरेत यादवी पेटली आणि दक्षिणेत जेव्हीपीचं, म्हणजे दिसानायकेंच्या मूळ पक्षाचं, दुसरं बंड झालं. लोकांना मत द्यायला जागाच ठेवली नाही तर दुसरं काय होणार?

आता क्रमाबद्दल. २००१ ला चंद्रिका कुमारतुंगा अध्यक्ष आणि संसदेत रनिल जिंकले. अध्यक्ष एका पक्षाच्या, पंतप्रधान दुसऱ्या. नोव्हेंबर २००३ मध्ये रनिल वॉशिंग्टनला गेले असताना बाईंनी संरक्षण, गृह आणि माध्यमं ही तिन्ही खाती काढून घेतली आणि पुढे संसद बरखास्त केली. २०१५ ला जानेवारीत सिरिसेना अध्यक्षपदी निवडून आले, ऑगस्टमध्ये संसदेची निवडणूक झाली, आणि रनिलच्या आघाडीला १०६. बहुमतसुद्धा नाही. मग अध्यक्षाच्या लाटेचं काय झालं?

मुळामुठाकाठी

मास्तर, २०१५ चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जानेवारी ते ऑगस्ट, सात महिने गेले. तेवढ्यात महिंदा राजपक्षे सावरले, स्वतः संसदेला उभे राहिले. उलट २०१० बघा. जानेवारीत महिंदा अध्यक्ष, एप्रिलमध्ये संसद, १४४ जागा. जितकं अंतर कमी तितका फायदा मोठा.

२००१ मध्ये तर अध्यक्षपदाची निवडणूक होऊन दोन वर्षं झाली होती. त्याला हे लागूच नाही.

मास्तर_निवृत्त

आणि २०२०? नोव्हेंबर २०१९ ला गोताबाया, ५ ऑगस्ट २०२० ला संसद. साडेआठ महिने. तरी १४५ जागा. सात महिन्यांत लाट ओसरते आणि साडेआठ महिन्यांत ओसरत नाही, हे कसं काय?

मुळामुठाकाठी

निवडणूक एप्रिलमध्येच ठेवली होती, कोविडमुळे पुढे गेली. आणि पहिल्या लाटेत लंकेने साथ बऱ्यापैकी आवरली होती, त्याचं श्रेय गोताबायांच्या लष्करी शिस्तीला मिळालं. शिवाय समोर विरोधक फुटलेले. प्रेमदास वेगळे निघाले आणि रनिलचा मूळ पक्ष २२५ पैकी एका जागेवर आला.

पण मान्य, नुसत्या महिन्यांच्या हिशेबावर सगळं बसत नाही. समोर कोण उरलंय, हेही बघावं लागतं. २०२४ ला समोर कुणी उरलंच नव्हतं.

विदर्भी_मिरची

सगळे आकडेच मांडून राहिले. जेव्हीपी काय चीज आहे ते कुणी सांगणार की नाही?

ही पार्टी १९६५ ची, रोहण विजेवीरांनी काढलेली. १९७१ ला पोलीस ठाण्यांवर हल्ले करून बंड. १९८७ ते ८९ दुसरं बंड, भारत-लंका करार आणि आपली शांतिसेना यांच्याविरुद्ध. विरोधकांचे खून, मतदानाला जाणाऱ्यांना धमक्या, भारतीय वस्तूंवर बहिष्कार. आणि सरकारने ते मोडताना केलं तेही तितकंच भयानक, हजारो पोरं गायब झाली, विजेवीरा कोठडीत मारले गेले. दोन्हीकडून.

त्याच पार्टीचे नेते आज अध्यक्ष आहेत. माणूस साध्या घरचा आहे, अनुराधापुराकडच्या थंबुत्तेगामाचा, ते मला आवडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीला येऊन जयशंकर आणि डोभाल यांना भेटूनही गेले, म्हणजे बहिष्कारवाले दिवस मागे पडले. २०१९ ला त्यांना ३.१६ टक्के मतं होती. पाच वर्षांत तिथून इथवर. कौतुक आहेच. पण १५९ म्हणजे घटना बदलायची ताकद, आणि जयवर्धनेंची शिडी यांच्या हाती आली की राव. प्रमाणशीर पद्धतीत एकाच यादीला दोन तृतीयांश मिळायची ही पहिली वेळ. अध्यक्षपद रद्द करू असं यांच्या जाहीरनाम्यात आहे. तसं ते चंद्रिकांच्याही होतं, महिंदांच्याही, सिरिसेनांच्याही. खुर्चीत बसल्यावर खुर्ची मोडायची कुणाला सुचते?

गिरिजा_क

मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते जाफन्याचं.

सप्टेंबरात जाफना जिल्ह्यात दिसानायकेंना २७ हजार मतं, सात टक्के. पहिले प्रेमदास, आणि त्यांच्या पाठोपाठ तमिळांचे सामाईक उमेदवार अरियनेत्रन. नोव्हेंबरात त्याच जिल्ह्यात एनपीपीला ८० हजारांच्या वर मतं, आणि सहापैकी तीन जागा. दक्षिणेतल्या सिंहली पक्षाने जाफन्यात पहिला नंबर काढला, हे आधी कधीच झालं नव्हतं. बावीसपैकी फक्त बट्टिकलोआ जिल्हा त्यांना मिळाला नाही.

पेपरांनी याला 'तमिळांनी राष्ट्रीय प्रवाहात सामील होणं' वगैरे रंग दिला. मतांचा टक्का बघा, साधारण पंचवीस. पंचवीस टक्क्यांवर निम्म्या जागा कशा? तिथल्या पद्धतीत जिल्ह्यात पहिल्या येणाऱ्या पक्षाला एक जागा आधीच बोनस. पाच टक्क्यांखालचे पक्ष बाद. आणि तमिळ पक्षांनी स्वतःचे इतके तुकडे करून घेतले होते, वर अपक्ष गटांच्या याद्या, की मतं सगळीकडे पसरली. तमिळ मतदार आपल्या नेत्यांना कंटाळले होते हे खरं. पण चारपैकी तिघांनी तिथे एनपीपीला मत दिलेलं नाही, हेही खरं.

पणजीकार, हे गणित जरा इस्कटून सांगाल का? २२५ जागांची १९६ आणि २९ अशी विभागणी असते म्हणतात, ती म्हणजे काय ते मला नीट कळलेलं नाही.

पणजीकार

गिरिजाताई, तुम्ही जवळजवळ सगळं सांगितलंच आहे. २२५ पैकी १९६ खासदार बावीस निवडणूक जिल्ह्यांतून येतात, प्रत्येक जिल्ह्याला ठरावीक जागा. मतदार आधी पक्षाला मत देतो, मग त्या पक्षाच्या यादीतल्या तिघांपर्यंत उमेदवारांपुढे पसंतीची खूण करतो. पक्षाला किती जागा हे पक्षाच्या मतांवर, आणि त्या जागांवर कोण बसणार हे पसंतीच्या मतांवर. त्यामुळे एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांविरुद्धच जोरात प्रचार करतात, पोस्टरं फाडतात. उरलेले २९ देशभरातल्या एकूण मतांच्या प्रमाणात, पक्षाने दिलेल्या यादीतून. रनिल आणि नमल त्याच दाराने आले.

एनपीपीचे १५९ म्हणजे जिल्ह्यांतून १४१ आणि यादीतून १८. बोनस आणि पाच टक्क्यांची अट यामुळे ६१ टक्के मतांना ७० टक्के जागा. आपल्या पद्धतीत ६१ टक्के मिळाले असते तर विरोधी पक्ष शोधायला दुर्बीण लागली असती.

आळशी_बोका

अवांतर: सनत जयसूर्या २०१० मध्ये मातरातून खासदार झाला होता ना? अर्जुन रणतुंगा तर मंत्रीही. लंकेच्या क्रिकेटची वाट कशी लागली हा वेगळा धागा होईल.

विदर्भी_मिरची

@बोका, काढा की. तेवढाच तुमचा आळस जाईल.

मास्तर_निवृत्त

धागाकर्त्यांना एक विचारायचं राहिलं. अध्यक्षाने हवी तेव्हा संसद बरखास्त करायची हे आता तितकं मोकळं नाही. एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने ते साडेचार वर्षांपर्यंत बांधलं होतं. २०१८ ला सिरिसेनांनी रनिलना काढून अचानक महिंदांना पंतप्रधान केलं, बहुमत जमेना तेव्हा संसदच बरखास्त केली. सभागृहात खासदारांनी मिरचीपूड फेकली ती याच वेळी. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एकमताने बरखास्ती घटनाबाह्य ठरवली, आणि रनिल परत पंतप्रधान. आता अट अडीच वर्षांची आहे. दिसानायकेंना सोपं गेलं कारण ती संसद २०२० ची, चार वर्षं जुनी. २०२९ ला जो अध्यक्ष येईल त्याला आत्ताची संसद लगेच मोडता येईल, कारण तिचीही मुदत संपतच आली असेल. एक मुदतपूर्व निवडणूक झाली की तुमचं चक्र मोडलं.

मुळामुठाकाठी

मास्तर, म्हणजे चक्र आहे हे तुम्ही मान्य केलंत! :)

वाळवंटातला_उंट

धागा वर आणतोय, मे २०२५ आहे. ६ मे ला लंकेत स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या. या खरं म्हणजे मार्च २०२३ च्या. रनिल सरकारने तिजोरीत पैसे नाहीत म्हणून टाळल्या होत्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते मूलभूत हक्कांचं उल्लंघन ठरवलं.

एनपीपी पहिलीच, पण ४३ टक्के, मतं ४५ लाख. नोव्हेंबरात ६८ लाख होती. अध्यक्षपदाच्या वेळी ४२ टक्के होते, तिथेच परत. मतदानही आणखी घसरलं. आमच्या गोदामातलं यावेळी कुणीच गेलं नाही.

मुळामुठाकाठी

बघा. सहा महिन्यांत ६१ वरून ४३. नोव्हेंबरचा आकडा फुगलेला होता हे मी पहिल्या पोस्टीत म्हटलं, तेव्हा उंटरावांनी मला पुस्तकी ठरवलं होतं.

वाळवंटातला_उंट

पुस्तकी अजूनही म्हणतो. गावच्या निवडणुकीत माणूस ओळखीच्याला मत देतो, तिथे देशाची लाट मोजायची नसते. आणि सगळा विरोधी पक्ष एकत्र केला तरी ४३ ला टक्कर देणारा त्यातला एकही नाही.

गिरिजा_क

लंकेतल्या प्रांतिक परिषदांच्या निवडणुका तर अजूनही नाहीत. २०१७ ते २०१९ दरम्यान एकेक करून सगळ्यांच्या मुदती संपल्या, तेव्हापासून राज्यपालच कारभार बघतात. तेराव्या दुरुस्तीतून, भारताच्या आग्रहाने आलेल्या त्या परिषदा. जाफन्यातल्या लोकांना संसदेपेक्षा त्या जवळच्या. १५९ खासदारांच्या सरकारला यासाठी कायदा दुरुस्त करायला एक दुपार पुरेल.

पणजीकार

राज्यपाल कारभार बघतात म्हणून हसू नका कुणी. मुंबई महापालिकेवर मार्च २०२२ पासून २०२५ मध्येही प्रशासकच होता. आणि ६ मे ला लंकेत लोक स्थानिक निवडणुकीच्या रांगेत उभे होते, त्याच दिवशी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या रखडलेल्या स्थानिक निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा, असा आदेश दिला.

विदर्भी_मिरची

चार आठवडे मोजायला कॅलेंडर आमच्या नगरपालिकेतून आणू नका. तिथलं २०२१ चं आहे.